टाके निघाल्यानंतरचे आठवडे

गालाच्या किंवा जिभेच्या कॅन्सरचे मोठे ऑपरेशन होते. काही दिवसांनी टाके निघतात, नाकातली नळी निघते, माणूस मऊ भात खाऊ लागतो. घरात जरा हायसे वाटते. अशा वेळी डॉक्टर सांगतात की आता सहा आठवडे ‘लाईट’ घ्यायचे आहेत. घरची मंडळी गोंधळतात. गाठ पूर्ण काढली असे डॉक्टरच म्हणाले होते, मग हे आणखी कशासाठी? बेळगावजवळची हिंडलगा, सुळगा, उचगाव काय किंवा निपाणीच्या आसपासची गावे काय, हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो आणि तो अगदी रास्त आहे. त्याचे समजेल असे उत्तर मिळाले नाही की पुढचा उपचार लांबतो, कधी सुटतोच. म्हणून ते उत्तर येथे सविस्तर मांडत आहोत.

हा रोग आपल्या भागात का आहे, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. निपाणीची बाजारपेठ बिडीच्या तंबाखूवर उभी राहिली. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून 1981 मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्गावर ठिय्या दिला, पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी मृत्युमुखी पडले. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि घरोघरी बिड्या वळणाऱ्या बायकांचे कष्टही सर्वांना ठाऊक आहेत. तंबाखूने येथे चुली पेटत्या ठेवल्या हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तीच तंबाखू चुन्यात मळून गालफडात धरायची, सकाळी मिश्री लावायची, मावा तोंडात ठेवून दिवसभर काम उपसायचे, ही सवयही येथलीच. कर्नाटकात 2013 पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशी जोडी करून तोच माल विकला गेला.

भारतात दरवर्षी तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे 1 लाख 40 हजार नवे रुग्ण आढळतात, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा 2022 चा अंदाज आहे. जगातल्या अशा रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश आपल्या देशात आहेत. पाश्चात्त्य देशांत हा रोग बहुतेक वेळा जिभेवर किंवा जिभेखाली दिसतो. आपल्याकडे तो गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खाचेत जास्त दिसतो, कारण तंबाखूची गोळी ठेवण्याची जागा तीच. तेथून जबड्याचे हाड अगदी लगत असते, बाहेरच्या बाजूला गालाची कातडी असते आणि खाली मानेतल्या लसीकाग्रंथी, म्हणजे ज्यांना आपण अवधाण म्हणतो त्या गाठी असतात. रोग या तिन्ही दिशांनी सरकतो.

‘ॲडव्हान्स्ड’ म्हणजे पुढच्या टप्प्याचा कॅन्सर, हे डॉक्टर कशावरून ठरवतात? गाठीचा आकार 2 सेंटिमीटरपर्यंत आहे, 4 पर्यंत आहे की त्याहून मोठा, हे पाहतात. ती आत किती खोल गेली आहे तेही मोजतात. 5 आणि 10 मिलिमीटर या त्या खोलीच्या महत्त्वाच्या पायऱ्या आहेत. हाड पोखरले आहे का, कातडीपर्यंत आली आहे का, मानेत गाठी आहेत का आणि असल्यास किती, हे स्कॅनवर पाहतात. यावरून पहिली ते चौथी अशी स्टेज ठरते. चौथी स्टेज म्हटले की घरचे लोक आशा सोडतात. तोंडाच्या कॅन्सरच्या बाबतीत हा अर्थ बरोबर नाही. हाडापर्यंत पोचलेली, पण फुप्फुसात किंवा शरीरात अन्यत्र न गेलेली गाठ चौथ्या स्टेजची असूनही बरे करण्याच्या उद्देशाने तिच्यावर उपचार करता येतात. आपल्याकडचे निम्म्याहून अधिक रुग्ण तिसऱ्या किंवा चौथ्या स्टेजलाच दवाखान्यात पोचतात, त्यामुळे हा फरक कळणे फार गरजेचे आहे.

अशा रुग्णाचा पहिला उपचार म्हणजे शस्त्रक्रिया. गाठ एकटी काढून भागत नाही. तिच्याभोवतीचा निरोगी दिसणारा भागही काही अंतरापर्यंत काढावा लागतो. जबड्याला रोग चिकटला असेल तर हाडाचा तुकडाही जातो. सोबत मानेतल्या गाठींचा संपूर्ण संच उचलतात. ही मानेची शस्त्रक्रिया अमेरिकेतील सर्जन जॉर्ज क्राइल यांनी 1906 मध्ये पद्धतशीरपणे मांडली. मानेत हाताला गाठ लागत नसली तरी ती करावी का, यावर पुढे अनेक दशके वाद होता. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधील डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये त्याचा निकाल लावला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांची मान गाठीबरोबरच साफ केली तेव्हा तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण जिवंत होते. मानेत रोग दिसेपर्यंत थांबून मग शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी 67.5 टक्के. लवकरच्या रोगात जर ही स्थिती, तर पुढच्या टप्प्यात मान सोडून देण्याचा प्रश्नच उरत नाही.

काढलेल्या जागी पुन्हा काहीतरी भरावे लागते. छातीचा स्नायू त्यावरच्या कातडीसह वर वळवून गालात बसवण्याची पद्धत 1979 पासून रूढ झाली. पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह काढून त्याचा नवा जबडा घडवण्याची पद्धत दहा वर्षांनी आली. त्या हाडाला जागोजाग छेद देऊन जबड्याचा बाक आणतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. हे काम पाहिले म्हणजे ऑपरेशनने सगळे झाले असे घरच्यांना का वाटते, हे लक्षात येते. आठ-दहा तास चाललेल्या एवढ्या मोठ्या खटाटोपानंतर आणखी काही उरले असेल असे कोणालाही वाटणार नाही.

काय उरले आहे हे पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये लिहिलेले असते. साधारण आठ-दहा दिवसांनी तो हातात येतो आणि फाईलमध्ये जातो. तो समजून घेण्यासारखा आहे. त्यात ‘मार्जिन’ म्हणजे कापलेल्या कडेपासून रोगाचे अंतर दिलेले असते. 5 मिलिमीटर किंवा अधिक असले तर ते सुरक्षित मानतात. मानेतून काढलेल्या गाठी किती आणि त्यांतल्या किती गाठींत रोग सापडला, हे आकडे असतात. रोग गाठीच्या वेष्टनातच होता की वेष्टन फोडून बाहेर आला होता, याची नोंद असते. मज्जातंतूच्या कडेने रोग सरकला आहे का, तेही लिहिलेले असते. मानेतल्या एका जरी गाठीत रोग सापडणे ही फार मोठी गोष्ट आहे. त्याने रुग्ण वाचण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर येते.

या नोंदींचा अर्थ असा की सर्जनच्या डोळ्यांना आणि स्कॅनला दिसणारे सगळे निघाले, तरी न दिसणाऱ्या पेशी मागे राहिल्या असण्याची शक्यता बरीच आहे. शेतातली हरळी कुळवून, वेचून काढली तरी मातीत राहिलेल्या मुळीच्या तुकड्याला पुन्हा फूट येते, तसेच हे आहे. एखाद्या लसीकावाहिनीत, मज्जातंतूच्या आवरणात, गालाच्या चरबीत काही हजार पेशी राहतात. त्यांच्यामागे सुरी घेऊन जाता येत नाही, कारण त्या कोठे आहेत हेच कळत नाही. सगळा भाग कापायचा म्हटले तर माणसाचे तोंड आणि मान उरणार नाही.

येथे रेडिओथेरपी म्हणजे किरणोपचार लागतो. यालाच आपल्याकडे ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यात शेकण्यासारखे काही नसते. मशीनखाली ना उष्णता जाणवते ना वेदना. अतिशय शक्तिमान क्षकिरण पेशीच्या आतल्या डीएनएवर, म्हणजे तिच्या वाढीच्या आराखड्यावर आघात करतात. निरोगी पेशी हा आघात काही तासांत बऱ्याच अंशी दुरुस्त करते, कॅन्सरची पेशी तितकी करू शकत नाही. म्हणून एकच मोठी मात्रा देण्याऐवजी रोज थोडी देतात. रोजच्या थोड्या मात्रेची ही पद्धत घडली तीच घशाच्या कॅन्सरवर. पॅरिसच्या क्यूरी संस्थेतील आन्री कुतार यांनी 1920 च्या दशकात घसा आणि स्वरयंत्राच्या रुग्णांना अनेक आठवड्यांत विभागून किरण दिले आणि गळ्याचे मांस न जळता रोग बरा होऊ शकतो हे दाखवून दिले. आजही ऑपरेशननंतर साधारण 60 ‘ग्रे’, म्हणजे किरणांच्या मात्रेची 60 एकके, 30 भागांत देतात. आठवड्यातून पाच दिवस, रोज 2 ग्रे, असे सहा आठवडे. जास्त धोक्याच्या जागी ही मात्रा 66 पर्यंत नेतात.

मग पहिल्यापासून फक्त किरणच का देऊ नयेत, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गाठीच्या आत आहे. मोठ्या गाठीच्या मध्यभागी रक्त नीट पोचत नाही, प्राणवायू कमी असतो आणि प्राणवायू नसलेल्या पेशीवर किरणांचा परिणाम बराच कमी होतो. हाडात शिरलेला रोगही नुसत्या किरणांना सहसा दाद देत नाही. उलट ऑपरेशननंतर कडेला उरलेल्या विखुरलेल्या पेशी संख्येने थोड्या असतात, त्यांना प्राणवायू मिळतो आणि त्या किरणांनी मरतात. थोडक्यात, सुरी जेथे चालते तेथे किरण कमी पडतात आणि किरण जेथे पोचतात तेथे सुरी पोचत नाही.

क्रमही मुद्दाम ठरवलेला आहे. अमेरिकेत 1973 मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या चाचणीत काही रुग्णांना ऑपरेशनच्या आधी 50 ग्रे आणि काहींना नंतर 60 ग्रे किरण दिले गेले. तोंड, घसा आणि मानेतला रोग ताब्यात राहण्याचे प्रमाण नंतर दिलेल्यांमध्ये अधिक होते. शिवाय किरण दिलेल्या कातडीवर आणि मांसावर चिरा नीट भरत नाहीत, जखमा उकलतात. त्यामुळे आधी शस्त्रक्रिया, मग किरण हा क्रम रूढ झाला.

आपल्यासारख्या रुग्णांवर याचा किती फरक पडतो, याचा पुरावा ओडिशातल्या कटक येथून आला. तेथील डॉक्टरांनी गालाच्या तिसऱ्या आणि चौथ्या स्टेजच्या कॅन्सरवर चाचणी केली आणि 1996 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नुसती शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी 38 टक्के रुग्ण तीन वर्षांनी रोगमुक्त होते. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेतलेल्यांपैकी 68 टक्के. हे रुग्ण युरोप-अमेरिकेचे नव्हते. तंबाखू आणि पान गालफडात धरणाऱ्या आपल्याच देशातल्या माणसांचे हे आकडे आहेत. ज्या घरात ‘ऑपरेशन झाले, आता पुरे’ असा विचार चालू आहे, तेथे ते शांतपणे वाचून दाखवावेत.

काही रुग्णांना किरणांबरोबर सिस्प्लॅटिन हे औषधही शिरेतून देतात. 2004 मध्ये युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. कापलेल्या कडेला रोग सापडला असेल किंवा मानेतल्या गाठीचे वेष्टन फुटले असेल, तर या औषधाने किरणांचा परिणाम वाढतो, हे त्यांवरून निश्चित झाले. ज्यांची किडनी किंवा कान हे औषध सोसू शकत नाहीत त्यांच्यासाठी डोसेटॅक्सेल हा पर्याय उपयोगी ठरतो, हे अलीकडे टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनीच दाखवले. प्रत्येकाला औषध लागतेच असे नाही. ते पॅथॉलॉजीच्या त्या कागदावर ठरते.

घशाचा हिशेब थोडा वेगळा आहे. स्वरयंत्र आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी झालेल्या कॅन्सरमध्ये पूर्वी सरसकट स्वरयंत्र काढत. 1991 मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील एका चाचणीने दाखवले की औषध आणि किरण यांवर बऱ्याच रुग्णांचे स्वरयंत्र वाचवता येते आणि आयुष्यही तेवढेच मिळते. म्हणून घशात बहुधा किरण आणि औषध आधी. पण रोगाने स्वरयंत्राची कूर्चा फोडली असेल, श्वास आणि गिळणे आधीच बिघडले असेल, तर शस्त्रक्रिया आधी आणि किरण नंतर, हाच क्रम येथेही येतो. शेजारच्याला ऑपरेशनशिवाय बरे वाटले म्हणून आपणही थांबावे, ही तुलना त्यामुळे फसवी ठरते. त्याचा कॅन्सर कदाचित घशाचा असेल, आपला गालाचा.

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हे दोन वेगळे उपचार नाहीत. तो एकच उपचार आहे आणि त्याला मुदत आहे. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधील डॉ. कियान आंग यांच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासाने 2001 मध्ये ही मुदत मोजून दाखवली. जास्त धोक्याच्या रुग्णांत ऑपरेशनच्या दिवसापासून किरणांच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा काळ 11 आठवड्यांच्या आत राहिला तेव्हा निकाल सर्वांत चांगले आले. 13 आठवड्यांच्या पुढे गेला तेव्हा सर्वांत वाईट. कारण सरळ आहे. मागे राहिलेल्या पेशी स्वस्थ बसत नाहीत, आघातानंतर त्या अधिक वेगाने वाढू लागतात.

हिशेब मांडून पाहा. किरणांना सहा आठवडे लागणार. 11 आठवड्यांत सगळे संपवायचे तर किरण ऑपरेशननंतर पाचव्या आठवड्यात सुरू झाले पाहिजेत. सहा आठवड्यांपलीकडे तर जाऊच नयेत. त्यातला पहिला दीड आठवडा रिपोर्ट येण्यात जातो. मशीनचे नियोजन म्हणजे मास्क, सीटी स्कॅन आणि मात्रेचे गणित यात आणखी आठवडाभर सहज जातो. जखम भरायला हवी ती वेगळीच. म्हणजे रुग्णाच्या, दवाखान्याच्या आणि सरकारी मंजुरीच्या हातात मिळून जेमतेम दोन-अडीच आठवडे उरतात.

या आठवड्यांत करायचे एक काम नेहमी विसरले जाते, ते दातांचे. किरण दिलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कायमचा कमी होतो. पुढे त्या भागातला किडका दात काढला तर हाड सडत जाऊ शकते. म्हणून वाईट दात किरण सुरू होण्याच्या किमान दहा-चौदा दिवस आधी काढून जखम भरू द्यावी लागते. हे ऑपरेशनच्या वेळीच, भूल दिलेली असतानाच उरकता येते. तसे झाले नाही तर किरणांच्या पहिल्या तपासणीत कोणाला तरी किडलेली दाढ दिसते आणि दोन आठवडे त्यातच जातात.

किरणोपचाराचे दिवस कसे असतात, हेही आधी सांगायला हवे. जाळीदार प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहरा आणि खांद्यांवर बसवतात. थंड झाला की त्याचा मास्क होतो. तो रोज टेबलाला अडकवून डोके स्थिर ठेवतात. मशीनखाली काही मिनिटेच पडून राहायचे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटते, चव जाते, लाळ घट्ट होते, मानेची कातडी काळवंडते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात घास गिळणे अवघड होते आणि वजन उतरते. अनेक रुग्ण याच वेळी उपचार सोडतात. मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, वेदनेवर पुरेसे औषध, पातळ पण पौष्टिक खाणे आणि गरज पडल्यास नाकातून नळी, एवढ्यावर हा काळ निभावता येतो. बाहेरून दिलेल्या या किरणांनी रुग्ण स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. लेकरांना जवळ घ्यायला, एका ताटात जेवायला काहीच हरकत नाही. ही भीती अजून अनेक घरांत आहे, म्हणून मुद्दाम लिहीत आहोत.

तोंड उघडण्याचा व्यायाम हा या उपचाराचाच भाग आहे. सुपारी खाणाऱ्यांचे तोंड आधीच आकसलेले असते, तीन बोटे उभी जात नाहीत. ऑपरेशन आणि किरण यांनी ते आणखी आवळते. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दाढांमध्ये सरकवायच्या आणि काही दिवसांनी एकेक काडी वाढवायची, हा डॉक्टर सांगतात तो साधा उपाय. दहा काड्या मावणाऱ्याच्या तोंडात महिनाभर चुकारपणा केला तर पाचच मावतात, आणि गेलेले तोंड परत उघडणे फार कठीण असते. तंबाखू पूर्ण सुटली पाहिजे हे तर आलेच. उपचार चालू असताना बिडी ओढणाऱ्यांत किरणांचा परिणाम कमी होतो.

आपल्या भागात ही मुदत कोठे चुकते? हिंडलगा, कंग्राळी, उचगाव या पट्ट्यात भाताची सुगी आणि रताळ्यांची काढणी आली की घरातला एक माणूस रोज दवाखान्यात पाठवणे परवडत नाही. निपाणीहून बेळगाव दूर, कोल्हापूर त्या मानाने जवळ. पण रोज तीस दिवस बसने जाऊन-येऊन करणे तोंड सोलवटलेल्या माणसाला शक्य नसते. ऑपरेशन एका शहरात, रिपोर्ट दुसरीकडे आणि किरणांचे मशीन तिसरीकडे असेल तर फाईल घेऊन फिरण्यातच आठवडे जातात. ‘आता बरे आहे, सण झाल्यावर जाऊ’ हा विचार त्यावर येतो. यात निष्काळजीपणा फार थोडा असतो. मुदत आहे, हेच बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते.

उपचारांची सोय पूर्वीपेक्षा पुष्कळ जवळ आली आहे. 3 जानेवारी 2025 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते बेळगावात केएलईच्या कॅन्सर हॉस्पिटलचे उद्घाटन झाले. हुबळी, कोल्हापूर आणि मिरज येथेही कॅन्सरवर उपचार होतात. पूर्वी परळच्या टाटापर्यंत जाणे आणि धर्मशाळेत महिने काढणे हाच मार्ग होता. खर्चाच्या बाजूने, कर्नाटकातल्या बीपीएल कुटुंबांना आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटक सरकारने त्यावर आक्षेप घेतला. सीमावादात कोणाची बाजू खरी, हा या लेखाचा विषय नाही. पण कोणत्या योजनेचा कागद चालेल या घोळात रुग्णाचा एक आठवडाही जाऊ नये, यावर दोन्ही सरकारांचे दुमत असण्याचे कारण नाही.

योजनांची रचना मात्र या रोगाला अजून पुरेशी जुळलेली नाही. शस्त्रक्रियेची मंजुरी वेगळी आणि किरणोपचाराची वेगळी. पहिली संपल्यावर, रिपोर्ट आल्यावर, दुसरीची फाईल निघते. वैद्यकशास्त्र ज्याला एक उपचार म्हणते त्याचे कागदावर दोन तुकडे होतात आणि मधल्या फटीत रुग्ण अडकतो. तिसऱ्या-चौथ्या स्टेजच्या गालाच्या कॅन्सरमध्ये किरणोपचार लागणार हे ऑपरेशनच्या आधी बहुतेक वेळा माहीत असते. मग दोन्हींची मंजुरी एकाच अर्जात का घेऊ नये? रिपोर्ट अपेक्षेपेक्षा चांगला आला आणि किरण लागलेच नाहीत, तर दुसरी मंजुरी रद्द करता येईल. त्यात सरकारचे नुकसान काहीच नाही. रोग परत आल्यावर कराव्या लागणाऱ्या दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च याहून कितीतरी मोठा असतो, आणि ते यशस्वी होण्याची शक्यता फार कमी.

रुग्णालयांनीही एक गोष्ट आपल्या पातळीवर करण्यासारखी आहे. ऑपरेशनपूर्वी सर्जन, किरणोपचार तज्ज्ञ, औषधोपचार करणारा डॉक्टर आणि दंतवैद्य यांनी रुग्णाला एकत्र पाहावे. ‘ट्यूमर बोर्ड’ म्हणजे अशा सर्व डॉक्टरांची बैठक, आणि ती मोठ्या केंद्रांत होतेही. बेळगाव जिल्ह्यात जेथे जेथे तोंडाच्या कॅन्सरची मोठी शस्त्रक्रिया होते तेथे ती झालीच पाहिजे. ज्या ठिकाणी किरणांचे मशीन नाही तेथे रुग्णाला टेबलावर घेण्याआधी पुढचे केंद्र ठरवून, तेथे कळवून, वेळ घेऊन ठेवलेली असावी. मशीनवर जागा नाही हे ऑपरेशननंतर चौथ्या आठवड्यात कळणे हा रुग्णावर अन्याय आहे.

डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी असते, ड्रेसिंगची तारीख असते, पुढच्या तपासणीची तारीख असते. त्याच कार्डावर मराठीत आणि कन्नडमध्ये आणखी एक नोंद हवी: किरणोपचार कोठे, कोणत्या तारखेला सुरू होणार, आणि त्या तारखेला जमले नाही तर जास्तीत जास्त किती दिवसांचा उशीर चालेल. तिची एक प्रत गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि आशा कार्यकर्तीला जावी. बाळंतिणीच्या आणि लसीकरणाच्या तारखा आशाताई घरोघरी जाऊन पाळून घेतात. हिंडलग्यातल्या एखाद्या रुग्णाच्या घरी ठरलेल्या तारखेच्या आदल्या आठवड्यात जाऊन ‘निघायची तयारी झाली का, गाडीचे काय, सोबत कोण’ एवढे विचारणे त्यांना सहज जमेल. त्यासाठी ती तारीख त्यांच्या वहीत पोचायला हवी, आणि हे काम जिल्हा आरोग्य खात्याला एका परिपत्रकाने सुरू करता येईल.